डावं-उजवं करणारं घर : ‘वुदरिंग हाइट्स’ पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

एमिली ब्राँटेची ‘वुदरिंग हाइट्स’ म्हणजे हीथक्लिफ आणि कॅथरिनची प्रेमकथा, असं ऐकून बरेच जण ती हातात घेतात. पहिल्या तीन प्रकरणांत कोण कोणाचं कोण हेच उमगत नाही. सोळाव्या प्रकरणात नायिका जाते. पुढची अठरा प्रकरणं कशासाठी लिहिली असतील असा प्रश्न पडतो आणि पुस्तक मिटलं जातं.

प्रेमकथा त्यात आहेच, पण ती एका घरातल्या डाव्या-उजव्यातून उगवते. अर्नशॉ नावाचा शेतकरी जमीनदार एक परका पोर घरी आणतो आणि पोटच्या पोरांपेक्षा त्याला झुकतं माप देतो. त्याला माया भरपूर देतो, पण आपल्या माघारी टिकेल असा एकही हक्क देत नाही. हा लाड सहा वर्षं चालतो आणि पुढची पंचवीस वर्षं दोन घरं त्याची किंमत मोजत राहतात. हा धागा हातात धरून वाचलं तर दुसरा अर्धा भाग पहिल्याइतकाच लागतो, कित्येकांना तर जास्तच आवडतो. त्यासाठी काय करायचं ते खाली क्रमाने दिलं आहे. जवळ एक वही ठेवा.

पायरी १ : प्रत बघून घ्या

कादंबरी डिसेंबर १८४७ मध्ये लंडनच्या न्यूबी या प्रकाशकाने काढली, तीही ‘एलिस बेल’ या टोपणनावाने. वर्षभरात, १९ डिसेंबर १८४८ला, एमिली वारली. १८५०ची आवृत्ती तिची बहीण शार्लट हिने संपादित केली आणि तिने जोसेफ या म्हाताऱ्या गड्याची यॉर्कशायरी बोली इतर इंग्रजांना कळावी म्हणून सौम्य केली. त्यामुळे दोन प्रतींत जोसेफची वाक्यं वेगळी दिसली तर गोंधळू नका. तळटीपा असलेली प्रत मिळाली तर उत्तम. नसेल तर जोसेफचं बोलणं मोठ्याने वाचा, डोळ्यांना न कळलेलं बरंचसं कानाला कळतं. त्याला वगळून मात्र पुढे जाऊ नका, या घरात कान भरण्याचं काम तोच करतो.

प्रकरणं एकूण ३४. काही प्रतींत दोन खंड असतात, पहिल्यात १४ आणि दुसऱ्यात पुन्हा एकपासून २०. इथे सगळीकडे सलग क्रमांक धरले आहेत. तुमच्या प्रतीत खंड असतील तर सोळावं प्रकरण म्हणजे दुसऱ्या खंडातलं दुसरं.

पायरी २ : वंशवृक्ष स्वतः काढा, छापलेला बघू नका

पुष्कळ आवृत्त्यांत सुरुवातीलाच वंशवृक्ष असतो. तो झाकून ठेवा, कारण त्यात कोण कोणाशी लग्न करतं आणि कोण कधी मरतं हे सगळं फुटतं. त्याऐवजी वहीच्या समोरासमोरच्या दोन पानांवर दोन घरं मांडा. डावीकडे डोंगरमाथ्यावरचं वुदरिंग हाइट्स, म्हणजे अर्नशॉ कुटुंब. उजवीकडे खालच्या दरीतलं थ्रशक्रॉस ग्रेंज, म्हणजे लिंटन कुटुंब. दोन्हींत चार मैलांचं अंतर. माणूस भेटेल तसं नाव लिहीत जा आणि कोण एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलं ते बाणाने दाखवा.

नावांचा घोळ लेखिकेने जाणूनबुजून घातला आहे. कॅथरिन दोन आहेत, आई आणि मुलगी. वहीत आईला कॅथरिन आणि मुलीला कॅथी म्हणा, इथेही तसंच केलं आहे. (कादंबरीत आईलाही लाडाने कॅथी म्हणतात, तेव्हा साल बघून ठरवा.) लिंटन हे एका घराण्याचं आडनाव आहे आणि हीथक्लिफच्या मुलाचं पाळण्यातलं नावही. हीथक्लिफला तर नाव आणि आडनाव मिळून एकच शब्द आहे, आणि तोही अर्नशॉच्या लहानपणीच वारलेल्या एका मुलाचा. मेलेल्या लेकाचं नाव या पोराला दिलं, पण अर्नशॉ हे आडनाव दिलं नाही, ही नोंद आत्ताच करून ठेवा.

इंग्रजीत सगळेच ‘कझिन’ असतात, म्हणून नातं आपल्या पद्धतीने लिहून टाका. कॅथीला हीथक्लिफचा मुलगा लिंटन हा आतेभाऊ, कारण तो तिच्या वडिलांच्या बहिणीचा, इझाबेलाचा मुलगा. कॅथरिनच्या थोरल्या भावाचा, हिंडलीचा मुलगा हेअर्टन हा तिचा मामेभाऊ. पुढे तिचं पहिलं लग्न आतेभावाशी होतं आणि दुसरं मामेभावाशी ठरतं.

दुसऱ्या प्रकरणात नवा भाडेकरू लॉकवुड हाइट्सवर येतो आणि नाती ओळखायच्या नादात चुकतच जातो. कॅथीला आधी हीथक्लिफची बायको समजतो, मग हेअर्टनची, मग हेअर्टनला हीथक्लिफचा मुलगा समजतो. मेलेल्या सशांच्या ढिगाला तर तो तिची पाळीव मांजरं समजतो. तुम्हालाही इथे काही कळणार नाही, आणि कळायचंही नाही. एका घरात राहणारी ही तीन माणसं एकमेकांची कोणीच का वाटत नाहीत, एवढा प्रश्न वहीत लिहा आणि पुढे चला.

पायरी ३ : सालं मांडा

कादंबरीतली ठसठशीत सालं थोडी आहेत. दारावर कोरलेलं १५०० आणि ‘हेअर्टन अर्नशॉ’ हे नाव, पहिल्या प्रकरणाच्या डोक्यावर १८०१, मध्ये एकदा १७७८चा उन्हाळा, बत्तिसाव्या प्रकरणावर १८०२. बाकीचा हिशेब वयं आणि महिने जुळवून करावा लागतो. सी. पी. सँगर या वकिलाने १९२६ मध्ये तो करून दाखवला आणि एमिलीने सगळं किती काटेकोर बेतलं होतं ते त्यातून दिसलं. नव्या वाचकाला एवढं पुरे:

१७७१ – हीथक्लिफ घरात येतो. हिंडली १४ वर्षांचा, कॅथरिन जेमतेम ६ वर्षांची.
१७७३ – आई, म्हणजे मिसेस अर्नशॉ, जाते.
१७७४ – हिंडलीची कॉलेजला रवानगी.
१७७७ – ऑक्टोबरमध्ये अर्नशॉचा मृत्यू. हिंडली बायको घेऊन परततो.
१७७८ – हेअर्टनचा जन्म.
१७८० – हीथक्लिफ घर सोडतो.
१७८३ – कॅथरिनचं एडगर लिंटनशी लग्न, त्याच वर्षी हीथक्लिफ परत.
१७८४ – मार्चमध्ये कॅथीचा जन्म आणि कॅथरिनचा मृत्यू, सप्टेंबरमध्ये हिंडलीचा मृत्यू.
१८०१ – एडगर आणि पाठोपाठ लिंटन जातात.
१८०२ – हीथक्लिफचा मृत्यू.

पायरी ४ : चौथं आणि पाचवं प्रकरण दोनदा वाचा

सगळी मेहनत इथे घाला. पुढची कुठलीही गोष्ट अडली की उत्तर बहुतेक या दोन प्रकरणांत सापडतं.

सुगीचे दिवस सुरू होत असतात. अर्नशॉ लिव्हरपूलला पायी निघतो, जायला साठ मैल आणि यायला साठ. निघताना पोरांना विचारतो, काय आणू? हिंडली फिडल मागतो, कॅथरिन चाबूक मागते, मोलकरणीच्या मुलीला, नेलीला (पुढे हीच आपल्याला ही गोष्ट सांगते), तो सफरचंदं आणि नाशपाती कबूल करतो. तिसऱ्या रात्री परत येतो तेव्हा कोटाच्या आत मळकट, काळ्या केसांचं, फाटक्या कपड्यांतलं पोर असतं. त्या पोराला वागवताना फिडलचा चुरा झालेला असतो आणि चाबूक वाटेत हरवलेला असतो.

इथे थांबा आणि नीट बघा. हीथक्लिफ उंबरठा ओलांडतो त्याच क्षणी दोन मुलांच्या कबूल केलेल्या वस्तू त्याच्यापायी गेलेल्या असतात. चौदा वर्षांचा हिंडली मोठ्याने रडतो. कॅथरिन त्या पोरावर थुंकते आणि बापाची चपराक खाते. नेली त्याला जिन्याच्या चौकात निजवते, ही गोष्ट मालकाला कळते आणि नेलीला काही दिवस घराबाहेर काढलं जातं. एका संध्याकाळीत तिघांना शिक्षा आणि चौथ्याला जागा. आईचं म्हणणंही विसरू नका: आपलीच पोरं पोसायची असताना हे आणखी कशाला? पुढे त्या मुलावर अन्याय होताना ती बघते आणि एका शब्दाने मध्ये पडत नाही.

आता शिंगरांचा प्रसंग. अर्नशॉ जत्रेतून दोन शिंगरं आणतो आणि दोन्ही मुलांना एकेक देतो. वाटणी दिसायला सारखी आहे. हीथक्लिफ देखणं शिंगरू घेतो, ते लवकरच लंगडायला लागतं, तेव्हा तो हिंडलीला सांगतो: तुझं मला दे, नाहीतर या आठवड्यात तू मला तीनदा मारलंस ते तुझ्या वडिलांना सांगेन, खांद्यापर्यंत काळानिळा झालेला हात दाखवेन. हिंडली बटाटे आणि गवत तोलायचं लोखंडी वजन उचलतो. हीथक्लिफ जागचा हलत नाही. मार, म्हणतो, मग बाप मेल्याबरोबर मला हाकलून देणार अशी बढाई तू मारलीस तेही सांगेन, बघू तोच तुला आधी हाकलतो की नाही. वजन छातीवर बसतं. हिंडली शिव्याशाप देत शिंगरू सोडतो आणि वर त्याला घोड्याच्या पायांखाली ढकलून पळतो. हीथक्लिफ उठतो, शांतपणे खोगीर बदलतो आणि मग गवताच्या पेंढीवर बसून कळ ओसरायची वाट बघतो.

या पानावर तीन गोष्टींखाली रेघ मारा. एक, त्या आठवड्यात तीन वेळा मार खाऊनही हीथक्लिफने तक्रार केलेली नाही, ती त्याने शिल्लक ठेवली आहे आणि गरज पडली तेव्हा वापरली आहे. बापाचं प्रेम त्याच्या हातात आता नाण्यासारखं आहे. दोन, हा लाड कधी संपणार हे दोन्ही मुलांना पक्कं ठाऊक आहे: बाप मरेल त्या दिवशी. तीन, ज्याला हे ठाऊक असायला हवं होतं तो अर्नशॉ या प्रसंगात कुठेच नाही, आणि जखमांचा आळ घोड्यावर घालायचं नेली ठरवते म्हणून त्याच्या कानावर काही जाणारही नाही.

पाचव्या प्रकरणात नेली जे निदान करते ते सगळ्या कादंबरीत मला सर्वांत नेमकं वाटतं. म्हाताऱ्याला वाटायला लागतं की मला हा आवडतो म्हणून सगळे याच्यावर टपलेत. त्याला त्रास नको म्हणून घरातले भले लोक त्याच्या पक्षपाताला मान डोलावतात, आणि त्या मान डोलावण्यावर मुलाचा ताठा आणि राग पोसला जातो. म्हणजे लाडाने बिघडवण्याचं काम एकट्या बापाने केलेलं नाही. बाकीच्यांनी गप्प राहून ते पुरं केलं.

आणि कॅथरिन? एकाच पक्षपाताला दोन भावंडं किती वेगळं उत्तर देतात ते इथे दिसतं. हिंडली लाडक्याचा वैरी होतो. कॅथरिन त्याला आपलासा करते, तेही नेली घराबाहेर होती त्या थोड्या दिवसांतच. तीही बापाची नावडतीच आहे. तू भावापेक्षा वाईट आहेस, मला तुझ्यावर माया करता येत नाही, असं बाप तिला तोंडावर सांगतो. आधी ती रडते, मग सारखं झिडकारलं जाऊन निबर होते. पण हीथक्लिफ आपला शब्द झेलतो आणि बापाचं मात्र मनात आलं तरच ऐकतो, हे ती बापाला दाखवून देते. बापाच्या लाडक्यावर तिचा ताबा बापापेक्षा जास्त आहे. पुढे नवव्या प्रकरणात ती ‘मीच हीथक्लिफ आहे’ म्हणते ते वाक्य सगळीकडे उद्धृत होतं. त्याआधी हे पान वाचलेलं असलं तर ते नुसतं उसासा टाकणारं वाक्य राहत नाही.

पायरी ५ : वहीत दोन रकाने, माया आणि हक्क

नवे वाचक इथे हटकून अडखळतात. ‘लाडका कोण’ असा एकच रकाना केला की दुसऱ्या भागात सगळं उलटंपालटं होतं, कारण या कादंबरीत माया एकाला मिळते आणि हक्क दुसऱ्याला. प्रत्येक जोडीसाठी दोन वेगळ्या नोंदी करा, शिवाय ‘कोणाच्या वाट्यातून’ आणि ‘देणारा गेल्यावर काय’ असे दोन रकाने. नमुन्यादाखल काही ओळी:

अर्नशॉकडून हीथक्लिफला माया आहे, हक्क नाही. हिंडलीच्या वाट्यातून. अर्नशॉ जाताच हिंडली त्याला गड्यांत ढकलतो, पाद्र्याकडची शिकवणी बंद करतो, शेतात राबवतो.

लिंटन म्हाताऱ्याकडून, म्हणजे एडगर आणि इझाबेलाच्या वडिलांकडून, इझाबेलाला हक्क. एडगरला मुलगा झाला नाही तर इस्टेट एडगरच्या मुलीला न जाता इझाबेलाकडे जावी अशी व्यवस्था त्याने करून ठेवली होती. सोळाव्या प्रकरणात नेली मनातल्या मनात त्याला दोष देते आणि हा स्वाभाविक पक्षपात होता असंही कबूल करते. एकच वाक्य आहे, घाईत सुटतं. पुढचं सगळं कारस्थान त्याच्यावर उभं आहे.

जोसेफकडून हेअर्टनला कोती माया. जुन्या घराण्याचा वारस म्हणून तो लहानपणी त्याचे फाजील लाड करतो, आणि पोर आणखी बिघडतं. अठराव्या प्रकरणात आहे.

एडगरकडून कॅथीला अपार माया. इथे वाटेकरी कोणी नाही म्हणून कोणाचं हिसकावलं जात नाही, पण तेरा वर्षांची होईपर्यंत ती एकटी बागेच्या फाटकाबाहेर गेलेली नाही. जगात फसवणारी माणसं असतात हे तिला माहीतच नाही, आणि हीथक्लिफला नेमकं तेच हवं असतं.

हीथक्लिफकडून स्वतःच्या मुलाला, लिंटनला, सगळे हक्क: वेगळी खोली, वीस मैलांवरून आठवड्यातून तीनदा येणारा शिक्षक, हेअर्टनला त्याचा हुकूम पाळायची ताकीद. माया शून्य. तो या मुलाला पाहताक्षणी धिक्कारतो.

हीथक्लिफकडून हेअर्टनला शिक्षण नाही, मजुरी नाही, हक्क नाही. मायेच्या रकान्यात काय लिहायचं ते चौतिसाव्या प्रकरणापर्यंत ठरवू नका, तिथे पेन्सिलने प्रश्नचिन्ह ठेवा.

पायरी ६ : सांगणारी कोण आहे?

कथा लॉकवुडच्या रोजनिशीत आहे, पण बहुतेक सगळी नेली डीनच्या तोंडून. नेली तटस्थ नाही. तिच्या आईने हिंडलीला अंगावर पाजलं होतं, दोघं एका वयाची, ती स्वतःला त्याची दूधबहीण म्हणवते. हीथक्लिफचा आम्ही छळ केला, मी चिमटे काढले, हे ती सांगते. गोवर आला तेव्हा तो निमूट पडून राहिला म्हणून तिचं मन वळलं, आणि त्यात डॉक्टरांनी केलेल्या कौतुकाचाही वाटा होता हेही ती लपवत नाही. मोठी झालेली कॅथरिन आपल्याला आवडत नव्हती असं ती मोकळेपणी म्हणते. हेअर्टनला तिने तान्हेपणापासून वाढवलं, तिथे तिचा जीव गुंतलेला आहे.

म्हणून नेलीचीही एक ओळ वहीत हवी. तिच्या पक्षपाताने गोष्टी घडतात. नवव्या प्रकरणात हीथक्लिफ आडोशाला बसून ऐकतो आहे आणि ‘आता त्याच्याशी लग्न करणं म्हणजे मी खाली उतरणं’ एवढं ऐकून उठून जातो, हे नेली बघते आणि बोलणाऱ्या कॅथरिनला वेळेवर सांगत नाही. बाराव्या प्रकरणात कॅथरिन तीन दिवस दार लावून उपाशी आहे हे ती एडगरच्या कानावर घालत नाही. तिने सांगितलेल्या घटनांवर विश्वास ठेवा, माणसांबद्दल तिने दिलेल्या निकालांवर नाही. हीथक्लिफला अर्नशॉ डोळे मिटून मानत होता अशी कुरकूर करतानाही, तो थोडंच बोलायचा आणि बहुधा खरंच बोलायचा, हे तिने सांगून टाकलंय. असे कबुलीजबाब फार मोलाचे.

पायरी ७ : गहाण, मृत्युपत्र आणि बायकांची मालमत्ता

ही पायरी टाळली तर हीथक्लिफ जादूने दोन्ही घरांचा मालक झाला असं वाटतं. हाइट्स त्याला कर्जातून मिळतं. हिंडलीने जुगारासाठी सगळी जमीन गहाण टाकली आणि पैसे देणारा हीथक्लिफ होता. सतराव्या प्रकरणात हिंडली मरतो आणि हेअर्टन बापाच्या घरातच बिनपगारी गडी होऊन राहतो.

ग्रेंजसाठी दोन वाटा लागतात. जमिनीचा वारसा लिंटन म्हाताऱ्याच्या त्या जुन्या व्यवस्थेनुसार इझाबेलाच्या मुलाकडे येतो. राहिली कॅथीची रोकड आणि चीजवस्तू. त्या काळच्या इंग्लंडच्या कायद्यात बायकोची जंगम मालमत्ता लग्नाबरोबर नवऱ्याची होई, म्हणून हीथक्लिफ कॅथीला घरात कोंडून आपल्या मरायला टेकलेल्या मुलाशी तिचं लग्न लावतो. मग मुलगा स्वतःची आणि तिची जंगम मालमत्ता बापाच्या नावे करतो. जमीन मात्र वयाने अज्ञान असल्यामुळे त्याला देता येत नाही. ती हीथक्लिफ ताब्यात ठेवतो आणि कफल्लक कॅथी त्याला आव्हान देऊ शकत नाही. एडगरने मृत्युपत्र बदलण्यासाठी बोलावलेला वकील ग्रीन आधीच हीथक्लिफला विकला गेलेला असतो. अठ्ठावीस आणि तीस ही दोन प्रकरणं त्यासाठी हळू वाचा.

पायरी ८ : दुसरी पिढी पहिलीच्या शेजारी ठेवून वाचा

हिंडलीच्या अंत्ययात्रेला निघताना लहानग्या हेअर्टनला उचलून हीथक्लिफ म्हणतो ते सतराव्या प्रकरणातलं बोलणं वहीत उतरवून घ्या: आता तू माझा, आणि तोच वारा लागला तर एक झाड दुसऱ्यासारखंच वाकडं वाढतं का ते बघू. माझ्यावर जे झालं तेच हिंडलीच्या लेकावर करायचं, असा हा सरळ बेत आहे. शिकवणी बंद झाली होती, मग हेअर्टनला अक्षरओळखही होऊ द्यायची नाही. अकराव्या प्रकरणात पाच वर्षांचा हेअर्टन नेलीवर दगड फेकतो, शिव्या देतो आणि सांगतो की पाद्री उंबऱ्याच्या आत आला तर त्याचे दात घशात घालू असं हीथक्लिफने कबूल केलंय. हीथक्लिफ का आवडतो? तर बाप मला शिव्या देतो आणि हा बापाला देतो म्हणून.

बेत तिथेच फसायला सुरुवात होते, आणि ते बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतं. लहानपणी हीथक्लिफला हिंडलीकडून नुसता तिरस्कार मिळाला होता. हेअर्टनला दारुड्या बापाविरुद्ध बाजू घेणारा एक माणूस मिळतो, आणि तो त्याच्यावर जीव टाकतो. एकविसाव्या प्रकरणात हीथक्लिफ नेलीजवळ बोलून जातो की हेअर्टन म्हणजे फरसबंदीला वापरलेलं सोनं आणि माझा मुलगा म्हणजे चांदीचा आव आणणारं घासलेलं कथील. दिवसातून वीसदा वाटतं की हेअर्टन माझा असता तर! सूड घ्यायला निवडलेल्या पोरावर त्याचं मन बसलं आहे. अर्नशॉने परक्याला पोटच्यापेक्षा वर धरलं, आणि हीथक्लिफच्याही मनात परकाच वर बसतो, फक्त तो त्याला हात देत नाही.

तेहेतिसाव्या प्रकरणात कॅथी हीथक्लिफविरुद्ध बोलते तेव्हा हेअर्टन तिला अडवतो: तो सैतान असला तरी मी त्याच्या बाजूने उभा राहीन, तुझ्या वडिलांबद्दल मी वाईट बोललो तर तुला कसं वाटेल? ती गप्प होते. चौतिसाव्यात हीथक्लिफ मरतो तेव्हा खरं रडणारा एकटा हेअर्टन असतो. आता पेन्सिलचं प्रश्नचिन्ह खोडा आणि तुम्हाला पटेल ते लिहा. मृत्युपत्राचा रकानाही बघून घ्या: मालमत्ता कोणाला द्यावी हे हीथक्लिफला ठरवता आलं नव्हतं. घर हेअर्टन आणि कॅथीकडे येतं, ते न लिहिल्यामुळे. अर्नशॉनेही काही लिहून ठेवल्याचा उल्लेख नाही, आणि त्याची फळं तुम्ही चौथ्या पायरीपासून बघत आला आहात.

वाचताना होणाऱ्या काही चुका

हीथक्लिफ हा अर्नशॉचाच लेकावळा, म्हणजे अनौरस मुलगा होता असं काही जण ठामपणे सांगतात. म्हाताऱ्याचा लाड समजावून घ्यायला हा तर्क सोयीचा आहे, पण कादंबरी त्याला होकार देत नाही आणि नकारही देत नाही. वहीत तो ‘शक्यता’ म्हणूनच राहू द्या. त्याच्या मुळाबद्दलही तसंच. लिंटन म्हातारा त्याला ‘लहानगा लास्कर’ म्हणतो, म्हणजे हिंदी महासागरातल्या जहाजांवर राबणाऱ्या आपल्याकडच्या आणि इतर आशियाई खलाशांपैकी एक. नाहीतर अमेरिकन किंवा स्पॅनिश टाकलेलं पोर. नेली त्याची समजूत घालताना चीनचा बादशहा बाप आणि हिंदुस्थानी राणी आई असं रचून सांगते. लिव्हरपूल हे तेव्हा गुलामांच्या व्यापाराचं मोठं बंदर होतं. पुस्तकात यापलीकडे पुरावा नाही.

दुसरी चूक अर्नशॉला साधू ठरवण्याची. रस्त्यावरच्या उपाशी पोराला उचलणं ही दया होती आणि ती खरी होती. पुढची सहा वर्षं जे चाललं ते वेगळं. दोन्हींना वहीत वेगळी ओळ द्या.

तिसरी, हीथक्लिफच्या हालअपेष्टा वाचून त्याच्या सगळ्या कृत्यांना माफी देण्याची. इझाबेलाचं काय झालं ते तेराव्या प्रकरणातल्या तिच्या पत्रात आणि सतराव्यात तिच्याच तोंडून ऐका, नेलीच्या नाही.

चौथी चूक घाईची. शब्द लाखाहून थोडे जास्तच आहेत. पहिली तीन प्रकरणं एका बैठकीत, चार-पाच दोनदा, सहा ते नऊ एका दमात, दहा ते सतरा दोन-तीन बैठकांत. अठरा ते एकतीस हा भाग रेंगाळतो, तिथे रोज दोन प्रकरणं पुरेत. शेवटची तीन एकत्र वाचा.

वही भरली की तीच पद्धत होरेस वॉलपोलच्या ‘कॅसल ऑफ ऑट्रँटो’वर लावून बघा. १७६४ सालची, गॉथिक म्हणजे भयगूढ कादंबऱ्यांत पहिली मानली जाणारी, जेमतेम पाच प्रकरणांची. पहिल्याच परिच्छेदात सांगितलंय की सरदार मॅनफ्रेडला देखणी मुलगी मॅटिल्डा आणि तिच्याहून तीन वर्षांनी लहान, आजारी, सामान्य रूपाचा मुलगा कॉनराड आहे, बापाचा जीव मुलावर आहे आणि मुलीला त्याने कधी माया दाखवलेली नाही. रकाने आधीच आखून बसा, कारण थोड्याच ओळींनंतर त्या लाडक्या मुलाचं लग्न उभं राहतं आणि आकाशातून एक प्रचंड शिरस्त्राण पडून तो चिरडला जातो.